जाळीमागचा पुठ्ठा

चढावर व्हॅन पुन्हा तापली, तेव्हा म्हाताऱ्यानं मेकॅनिक गाठला. "इंजिन गेलं असेल तर मोडीत काढा, बाबा," लेकीनं बजावलं होतं. मेकॅनिकनं पाणी पाहिलं, पंखा पाहिला, थर्मोस्टॅट गरम पाण्यात बुडवून पाहिला. सगळं ठणठणीत. मग पुढची जाळी उघडली आणि तो हसायलाच लागला. रेडिएटरसमोर पुठ्ठा बांधलेला होता. "काका, वाराच अडवलाय, इंजिन तापणार नाही तर काय! कुणी बांधला हा?" "उंदरांनी बांधला असेल." "लोकरीनं? गाठी मारून?" म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं आणि गाठी ओळखल्या. थंडीत व्हॅन लवकर उबदार व्हावी म्हणून पुठ्ठा बांधायचा आणि उन्हाळा लागताच सोडायचा, हे काम बायकोचं. यंदा ती थंडीतच गेली. मेकॅनिकनं ब्लेड काढलं. "कापू नकोस," म्हणत म्हातारा खाली बसला आणि नखांनी एकेक गाठ सोडवू लागला.