हिर्डोशीची मुक्कामी गाडी

केशवरावांनी घंटी दाबली. "खोटं!"

भोरच्या एका वाचनालयाच्या सभागृहात घंटी खणखणली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुरुस्ती: कडकडाट नव्हे. पुढच्या रांगेतल्या तिघांनी वाजवल्या. त्यांतल्या एक केशवरावांच्या पत्नी शुभाताई, आणि त्यांनीही शेजारणीने कोपर मारल्यावर.

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती. वाचनालयाने दोन्ही उमेदवारांना एका मंचावर बसवलं होतं आणि मधोमध, टेबलावर घंटी देऊन, केशवरावांना. कुणी खोटा दावा केला की घंटी वाजवायची. हे काम त्यांच्याकडे एकमताने आलं. दुरुस्ती: दुसरं कुणी तयार नव्हतं. निवृत्त झाल्यापासून केशवराव लग्नपत्रिकेतल्या चुका दाखवायला लोकांच्या घरी जात. अशा माणसाला एक संध्याकाळ अधिकृत काम दिलेलं बरं, असं वाचनालयाच्या अध्यक्षांना वाटलं.

रखमाजीअण्णा, सध्याचे सदस्य, नुकतेच छाती ठोकून म्हणाले होते, "हिर्डोशीला मुक्कामी एसटी कुणी आणली? या रखमाजीनं!"

"नाही आणली," केशवराव म्हणाले. "मी आज सकाळीच डेपोत विचारून आलोय. संध्याकाळची गाडी जाते आणि रिकामी परत फिरते. रात्री तिथे राहत नाही, म्हणून पहाटे तिथून निघत नाही."

अण्णांनी कपाळ पुसलं आणि हात जोडले. "साहेब, चुकलं. नुसती मागणी केलीया. शब्द मागं घेतो."

इतक्या आनंदाने चूक कबूल करणारा पुढारी केशवरावांनी पाहिला नव्हता. हा आपल्या अभ्यासाचा दरारा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

चहासाठी सगळे उठले तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हिर्डोशीची सुलक्षणा. गावातल्या पाचसहा बायका घेऊन आली होती. हातातल्या पिशवीतून शाल आणि नारळ डोकावत होते.

"साहेब, घंटी वाजवायची एवढी काय घाई झालती?"

"अहो, धादांत खोटं बोलत होते ते!"

"व्हय की. आमच्या गावात गाडी न्हाई, ह्ये तुमी आमाला सांगताय?"

केशवराव हसले. ती हसली नाही.

"'गाडी आणीन' म्हणणारं लई आलं साहेब. 'आणीन' कोण ध्यानात ठेवतंय? पण 'आणली' म्हणला की घावला. लगीच शाल, नारळ, फोटो, पेपरात बातमी. मग दाराशी जायाचं, चला अण्णा, तुमच्या गाडीची पूजा करू. मतदानाच्या आत गाडी हुबी करावीच लागती, न्हाईतर तोंड कुठं दाखवंल? आमचा रस्ता असाच झाला. एकजण 'केला' म्हणला, आमी वाजतगाजत त्याला रस्ता बघायला न्यायला आलो. आठ दिसांत डांबर!"

"पण बाई, तत्त्व म्हणून..."

"माझी श्रावणी दहावी झाली. पहाटंची गाडी असंल तर कॉलेज, न्हाईतर औंदा लगीन. तिचं आजं स्थळ बघून बसल्यात." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्यो शब्द अण्णांच्या तोंडून निघावा म्हणून महिनाभर त्यांच्या मागं फिरले म्या. तुमी एका बोटानं सोडवलंत त्यांना."

केशवरावांनी गरम चहावर फुंकर मारली. दुरुस्ती: चहा केव्हाच थंड झाला होता.

दुसऱ्या फेरीत तरुण उमेदवार स्वरूप बोलायला उभा राहिला. अण्णांची फजिती त्याला चढली होती. "अण्णांनी नुसती मागणी केली! मंजुरी मी आणली! सोमवारपासून हिर्डोशीला मुक्कामी गाडी सुरू!"

सगळ्या माना केशवरावांकडे वळल्या. डेपोत असली मंजुरी कुणाच्या स्वप्नातही नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. ते सकाळी डेपोत गेले होते हे बोलून झाल्यावर स्वरूपलाही आठवलं. हात जोडायच्या तयारीने तो घंटीकडे बघू लागला.

केशवरावांचं बोट घंटीवर होतं. मागे सुलक्षणा त्यांच्याकडे बघतही नव्हती. निघायचं म्हणून बायकांना उठवत होती.

"केशवराव?" अध्यक्ष म्हणाले. "खरं की खोटं?"

केशवराव उभे राहिले. घंटी त्यांनी बाजूला सरकवली. दुरुस्ती: हात पोचणार नाही इतकी लांब.

"खरं," ते म्हणाले. "आत्ता गाडी नाही, हे मघाशी सांगितलंच. सोमवारपासून आहे. मी स्वतः खात्री केलीये. आणि..." इथे त्यांना थांबता आलं असतं, पण नवशिक्याला कुठे थांबावं ते कळत नाही. "आणि पहिल्या गाडीतून स्वरूपराव जातीने हिर्डोशीला मुक्कामाला जाणार आहेत!"

कडकडाट झाला. दुरुस्ती नाही.

बायका पुढे धावल्या. स्वरूपच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, चार मोबाईल एकदम चमकले. फोटोसाठी हसता हसता तो केशवरावांच्या कानाशी वाकला. बिचारा मनापासून दुखावला होता.

"काका," तो कुजबुजला, "तुमच्यासारख्या माणसानं असं खोटं बोलावं?"