चार टक्क्यांची मोकळीक

"ही मोकळीक आत्ताच्या आत्ता काढा," मुख्य अभियंत्यांनी पडद्यावर बोट आपटलं. "मला पाण्याच्या पातळीची रेषा सरळ हवी."

"नाही काढणार," ताई म्हणाली.

अकरा वर्षं ती कंट्रोल रूममधल्या या खुर्चीत बसत होती. कारखान्याला वाफ पुरवणाऱ्या दोन्ही बॉयलरमधलं पाणी पन्नास टक्क्यांवर ठेवायचं, हे काम कंट्रोलर या यंत्राचं. आणि कंट्रोलरला शहाणपण शिकवायचं, हे काम तिचं. पाणी उकळताना पातळी थोडी खालीवर होतेच. त्या प्रत्येक थरथरीमागे पाणी सोडणारा वॉल्व्ह धावू लागला, तर महिन्या-दोन महिन्यांत झिजून निकामी होतो. म्हणून तिने कंट्रोलरला बजावून ठेवलं होतं: दोन टक्के वर, दोन टक्के खाली, तेवढा काणाडोळा कर. त्यापलीकडे गेलं तरच हात लाव.

महिन्यापूर्वी रुजू झालेल्या साहेबांना हा शुद्ध आळस वाटत होता. त्यातून उद्या मालक येणार होते.

"साहेबांना इस्त्री केलेली रेषा हवीय," फोरमनकाका पुटपुटले. ते नेमकं साहेबांच्या कानावर गेलं.

"दोन नंबर बघा!" ते कडाडले. त्या बॉयलरचा पडदा त्यांनी सकाळपासून आपल्याच टेबलावर घेतला होता. "काल संध्याकाळी त्यातली तुमची मोकळीक मी स्वतः काढली. सकाळपासून रेषा केसभर हललेली नाही. याला म्हणतात काम! आता एक नंबरचंही तसंच करा, नाहीतर राजीनामा लिहा."

घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. नवऱ्याचं दुकान बंद पडून वर्ष झालेलं. तरी ती उठली, साहेबांच्या टेबलाशी गेली आणि दोन नंबरचा पडदा पाहिला.

खरंच, रेषा केसभरही हललेली नव्हती.

तिने साहेबांना बाजूला सारलं आणि दोन नंबरचं लाल बटण दाबलं. बर्नर विझला. बाहेर एकेक मशीन मंदावत गेलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? अर्धा कारखाना बंद पाडलात! नोकरी गेली समजा!"

"खुशाल घ्या. पण उकळतं पाणी इतकं गप्प बसत नाही, साहेब. खाली चला."

जिना उतरताना ती एवढंच बोलली, "सेन्सर तुंबला की पडदा जुनाच आकडा दाखवत राहतो. मग वॉल्व्हही ढिम्म हलत नाही. आणि पाणी संपल्यावर खाली आग चालू राहिली, तर छप्पर शिल्लक राहत नाही." साहेब मागून तणतणत येत होते, मालकांना काय सांगायचं, तेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

बॉयलरच्या अंगावर काचेची उभी नळी असते. आतलं पाणी तिच्यात उघड्या डोळ्यांनी दिसतं. फोरमनकाकांनी तिच्यावर बॅटरीचा झोत टाकला. साहेब वाकले आणि तसेच वाकून राहिले.

नळी तळापर्यंत कोरडी होती.