खानदानी कान

बलभीमनं रांजणाला कान लावला आणि उस्मानाबादच्या त्या जुन्या खानावळीत सगळं जिथल्या तिथं थांबलं. गिऱ्हाइकांचे घास हातात राहिले. चुलीपाशी उकिडवी बसलेली त्याची आई हरणाबाई भाकरी थापता थापता थांबली. तीन पिढ्यांचा रिवाजच होता तो. कान लागला की कुणी हलायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही.

रांजणात मोहाची फुलं भिजत होती. ती आतून काय बोलतात ते ऐकून 'झालं' म्हणायचं आणि मगच भट्टी लावायची. आजोबांचा कान तसा होता, वडील रामकिसन यांचा तर गावोगाव गाजलेला. पार येरमाळ्याहून माणसं मटणाचं निमित्त करून यायची आणि मोहाची प्यायला बसायची. आता रामकिसनचे गुडघे गेले होते, वाकणं जमत नव्हतं. आबकारीचे दरोगा जैनोद्दीन यांनी साफ सांगितलं होतं, "जिसका कान, उसका परवाना." पोरगा चुकला की निजाम सरकारचा परवाना दुसऱ्याच्या घरी जाणार होता.

बलभीमला काही ऐकू येईना. स्वतःच्या छातीची धडधड तेवढी ऐकू येत होती. वेळ जाता जाईना. शेवटी हरणाबाई हळूच उठून उभी राहिली. आता आई काहीतरी बोलणार आणि सगळ्यांसमोर अब्रू जाणार, या भीतीनं तो ओरडला, "झालं!"

भट्टी पेटली. दुपारी पहिली धार उतरली. तपासायला आलेले दरोगासाहेब पीत नसत. त्यांनी पेला नुसता नाकाशी नेला, पण जरा जास्तच वेळ धरला.

"वाह! खानदानी कान है."

परवान्यावर बलभीमचं नाव चढलं.

साहेब गेल्यावर बलभीमनं बापाचे पाय धरले. "आबा, म्या खोटं बोललो. मला कायबी ऐकू आलं न्हाय."

रामकिसननं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला तरी कुठं कधी आलं? म्या तुझ्या आयवर डोळा ठेवायचो. ती उठली की 'झालं' म्हणायचो. मोहाचं सगळं तिच्या नाकाला कळतं, लेका."

हरणाबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"माझ्या नाकाला? अवं, उकिडवं बसून बसून पायाला मुंग्या यायच्या, म्हणून उठायची म्या!"