नैवेद्याची वाटी

आत्याच्या घराच्या नव्वद पायऱ्या चढताना श्रीरंग दर वर्षी तीनदा बसायचा. वजन उतरवायचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते, रोज सकाळी चालणं सुरू होतं. यंदा तो एका दमात वर आला. तरी छाती धडधडत होती, ती गौरीच्या जेवणाच्या धास्तीनं. पैजेवर अकरा पुरणपोळ्या खाणारा भाचा, अशी त्याची ओळख आत्याच गावभर करून द्यायची. तिच्या आग्रहापुढं नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

तो पानावर बसतो न बसतो तोच आत्या परात घेऊन आली. "ऑपरेशन झालं ना नीट? मग आता जेव पोटभर!"

"आत्या, आता पोटच वाटीएवढं ठेवलंय डॉक्टरांनी. दोन घास जास्त झाले तरी घाम फुटतो."

आत्यानं परात खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. दुखावली बिचारी, श्रीरंगला वाटलं.

ती परतली ती देवघरातली नैवेद्याची वाटी घेऊन. तीत पोळीचा इवलासा तुकडा होता, वर तुपाची धार.

"चाळीस वर्षं देवाला यातच वाढतेय. तो कधी उपाशी उठला नाही, तू कसा उठशील?"

श्रीरंगचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यानं घास सावकाश चावला. आत्या पुरणात जायफळ घालते, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.