एका बहिणीसाठी

"देवापुढे आडपडदा ठेवू नये, पोरी," असं आई सांगून गेली होती. शिवणवाल्या मावशींनी बाकी सगळं नेमाने पाळलं. पहाटेचं स्तोत्र चुकवलं नाही की शुक्रवारचा उपास. फक्त स्वतःच्या छातीतली गाठ तेवढी बायकांच्या प्रार्थनासभेत "एका बहिणीची" म्हणून सांगितली. तपासणीला जायला ती फार घाबरते, असंही म्हणाल्या.

तीन आठवडे सगळ्या जणींनी तिच्यासाठी गुडघे टेकले. सर्वांत मोठं आमेन मावशींचंच. एकदा तर त्या करवादल्याही, "इतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही."

शेवटी मंडळीतल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "प्रार्थना चालूच राहील गं, पण आता पाय उचलायला हवेत. गुरुवारी दहाला तिला माझ्या दारात आण. शब्द दे."

"ती ऐकायची नाही हो. भारी हट्टी आहे."

"तुझं ऐकेल."

मावशींनी शब्द दिला आणि घरी येऊन पहिल्यांदाच खरं सांगितलं, "प्रभू, ती बहीण मीच." प्रभूला याचं काही नवल वाटलेलं दिसलं नाही. भीती गेली नाही, पण कितीतरी दिवसांनी झोप लागली.

गुरुवारी दहाला त्या नर्सबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "आणलंय तिला," त्या हळूच म्हणाल्या.

नर्सबाईंनी त्यांच्या मागे कोण आहे ते पाहिलंही नाही. कुलूप लावून दोघी निघाल्या. नर्सबाईंच्या हातात दवाखान्याचा कागद होता. त्यावर मावशींचं नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलं होतं.