डाग न पडलेला ओटा

किल्ली हातात पडताच भाचेसुनेनं मनात हिशेब मांडला. मामा-मामी लेकीच्या बाळंतपणाला जाणार. येईपर्यंत त्यांचं घर सांभाळायचं. नीट सांभाळलं तर माडीवरच्या बंद खोल्या राहायला मागायला तोंड राहील. भाड्याच्या एका खोलीत ती दोघं होती आणि तिसरं वाटेवर होतं. सौदा वाईट नव्हता.

नवल एवढंच, की घर तिच्यावर सोपवलं होतं. ती नुसती जवळून गेली तरी कपबशीची फारकत होते, अशी तिची नातेवाइकांत ख्याती. तरी मामी तिच्याच नावावर अडून बसल्या होत्या.

निघताना मामांनी तिला स्वयंपाकघरात नेलं. पांढराशुभ्र संगमरवरी ओटा त्यांनी स्वतः निवडून बसवला होता.

"सूनबाई, लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर, काहीही आंबट यावर सांडता कामा नये. संगमरवराची चकाकीच खाऊन टाकतं ते. मग कितीही पुसा."

"कळलं हो तिला," दारातून मामी म्हणाल्या. "तू आपली मोकळ्या हातानं स्वयंपाक कर गं. घर वापरायलाच असतं."

असं सगळेच म्हणतात, भाचेसुनेनं ओळखलं. परीक्षा घेणारा कधी 'परीक्षा घेतोय' म्हणतो का?

त्या दिवसापासून लिंबू बाथरूममध्ये चिरलं जाऊ लागलं. टोमॅटोची रवानगी बाल्कनीतल्या स्टुलावर झाली. गरम भांडं ओट्यावर टेकायचं नाही, ओला पेला तर नाहीच. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून मऊ फडक्यानं पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. मधूनमधून ती ओट्यावर पाण्याचा थेंब सोडून बघत बसे. थेंब फुगून उभा राहिला की तिचा जीव भांड्यात पडे. तो दगडात मुरायला लागला, की नवऱ्याला दुकानात पिटाळून दगडाची छिद्रं बुजवणारं सीलर आणवी आणि पोट सांभाळत चोळत बसे.

"आपण घर राखतोय की दगड?" बाल्कनीत उभ्यानं जेवता जेवता नवऱ्यानं विचारलं.

"खोल्या," ती म्हणाली. "गुपचूप जेव."

मामा परतले ते चपला काढून तडक ओट्याकडे. खाली वाकून, एक डोळा मिटून त्यांनी उजेडाच्या रेषेत दगड न्याहाळला. बोट फिरवलं. मग ताठ उभे राहिले आणि मामींकडे वळले.

"बघ! एक डाग नाही. आणि तू म्हणायचीस, असा ओटा जपणं माणसाच्या हातातलं काम नाही! या पोरीला जमलं. आता बोल."

मामींनी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली, मामांनी ती लगेच उचलली.

भाचेसुनेनं संधी साधून माडीचा विषय काढला. मामा खुशीत हसले. "ते खातं मामीचं. मी त्यात पडत नाही. पण तुला ती नाही कशाला म्हणेल?"

मामींनी तिला बाल्कनीत नेलं, दार ओढून घेतलं.

"खोल्या मिळायच्या नाहीत," त्या म्हणाल्या.

"मामी! पण माझं चुकलं काय? एक ओरखडासुद्धा..."

"तेच तर! अगं, लग्न झाल्यापासून लिंबू मी बाथरूममध्येच चिरतेय. ओटा खराब झाला तर काळा ग्रॅनाइट बसवू, असं त्यांनी कबूल केलंय. माझ्या हातून झाला असता तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणून अख्ख्या नात्यात शोधून तुला आणली. केवढ्या भरवशानं आणली होती गं!"

भाचेसुनेला मामांकडून शाबासकी मिळाली, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मिळाली, अजूनही मिळते. बाळ भाड्याच्या खोलीतच आलं. जागा व्हावी म्हणून कपाट जिन्यात गेलं. माडीवर मामींचा पुतण्या राहायला आला, तीन व्रात्य मुलांना घेऊन. मामींनी त्याच्याकडून भाडं घेतलं नाही. अट एकच घातली: वर चूल मांडायची नाही, सगळ्यांचा स्वयंपाक खालीच.