कपाटातला वारा

मोंडे कपाटाच्या दाराला पाठ लावून उभा होता. तीस वर्षं शहरात बस चालवली, एकदाही उशीर केला नाही, असा भाव त्याच्या तोंडावर होता. थोरली बहीण नोझुको लुसिकिसिकीहून सहा तास टॅक्सीत दाटीवाटीने बसून दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनला पोचली होती, चार जिने चढली होती, आणि अजून खुर्चीला टेकली नव्हती.

"अक्का, आधी चहा घे."

"चहा काही पळून जात नाही. सरक."

मोंडे सरकला. कपाटात दिवा इतका प्रखर होता की खुंटीवरच्या त्याच्या लग्नाच्या कोटाची उजवी बाही तीन आठवड्यांत ताकाच्या रंगाची झाली होती. कोटाखाली दह्याचे पाच रिकामे डबे, माती भरलेले, आणि प्रत्येकात एकेक कोवळं रोप. कायदा म्हणतो, गांजा घरात लावा, स्वतःपुरता लावा, पण रस्त्यावरून दिसता कामा नये. मोंडेने हे इतकं मनावर घेतलं होतं की रोपं बघायला त्याला स्वतःलाही गुडघे टेकावे लागत.

नोझुकोच्या रुमालाच्या गाठीत तपकिरीची एक डबी होती. डबीत सात बिया. टेकडीच्या उतारावर बाबा जो गांजा पिकवायचे, त्याचं बी आता जगात तेवढंच. मडकंभर होतं ते पुरात गेलं. बारा वाचल्या, त्यातल्या पाच तिने मोंडेला दिल्या. मोंडेने जन्मात पोटाखेरीज काही वाढवलं नव्हतं. पाच उभी राहिली तर उरलेल्या सातही तुझ्या, ती म्हणाली होती. नाहीतर चुलतभाऊ गोदुका आहेच. गोदुका कुठलंही बी कशातही मिसळतो.

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हे तीन टोमॅटो आहेत."

"लहानपणी सगळे सारखेच दिसतात, अक्का."

"तू नव्हतास दिसत. खोटं बोललास की तेव्हाही डावा कान खाजवायचास."

मोंडेने कानावरचा हात खाली घेतला.

नोझुकोने एका डब्यात बोट खुपसलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं.

"मोंडे, ही बिअर आहे."

"घरची आहे. मक्याची. दर रविवारी एकेक घोट." तो जमिनीकडे बघत होता. जमीन म्हणजे फरशी. "बी बाबांचं. मग आपण प्यायच्या आधी बाबांचा वाटा नको का ओतायला? गावी पितरांसाठी अंगणात ओततो. इथे चौथ्या मजल्यावर माती कुठाय? होती ती एवढीच."

नोझुकोने बोट पुसलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मोंडेला वाटलं, रडते. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तो हातच वरखाली व्हायला लागला, एवढी ती हसत होती.

"अरे, अख्ख्या टेकडीवर बाबा पिऊन कधी पडले नाहीत! आणि तू त्यांना दह्याच्या डब्यात बुडवलंस!" तिने डोळे पुसले. "बरं, ही दोन खरी. ही कशी वाचली?"

"ती शेवटची. त्यांच्यापर्यंत पोचेतो बिअर मीच संपवायचो."

पण ती दोनही काही धड नव्हती. देठ दोऱ्यासारखे बारीक, आणि माना सासुरवाडीला आलेल्या जावयासारख्या एका कुशीवर लवंडलेल्या.

"खिडकी उघडतोस का?"

"छे! सर्दी झाली तर?"

"तिकडे समुद्राचा वारा यांना दिवसभर थोबाडतो, म्हणून देठ धरतो. पंखा कुठाय?"

"पंखा देऊन दिवा आणला."

"मग बस खाली. तोंड जवळ ने. आणि कुळाची नावं घे. बाबा घ्यायचे तशी, पोटातून."

मोंडे गुडघ्यांवर बसला. "न्यावूझा!" तो म्हणाला, आणि दोन्ही रोपं मागे झुकली. "न्दायेनी!" ती पुढे आली. मग त्याला चढलं. बसमध्ये मागच्या बाकावरच्या बहिऱ्यालाही थांबा ऐकू जाईल असा त्याचा गळा. पणजोबा आले, त्यांचे पणजोबा आले, त्यांचे बैल रंगांसकट आले, बैलांनी पार केलेल्या नद्या आल्या. कोटाची फिकी बाही वर उठली आणि सलाम ठोकून खाली आली. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली, ती म्हणे दुसऱ्या दिवशी परतली.

भिंतीवर थापा पडल्या. शेजारचे म्हातारे पीटरसन ओरडले, "मोंडे! कोण गेलं रे?"

"कुणी नाही, काका! दोघं आहेत अजून!"

दम संपला तेव्हा तो घामाने भिजला होता. दोन्ही रोपं थरथरत होती, पण माना वर होत्या.

"रोज दोनदा," नोझुको म्हणाली. "पाणी माती सुकल्यावरच. बाबांचा वाटा मी गावी ओतेन. तुझा तू पी."

तिने रुमालाची गाठ सोडली आणि तपकिरीची डबी डब्यांच्या शेजारी ठेवली.

मोंडेचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. "अक्का, तू म्हणाली होतीस, पाच उभी राहिली तर."

"मोज की. पाच उभी आहेत."

"पण त्यातले तीन टोमॅटो."

नोझुको शेवटी खुर्चीत बसली, पाय लांब केले.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं ऐकली त्यांनी. आता ते आपल्याच कुळातले. घरातल्या कुणाचं त्यांच्याशी लग्न लावू नकोस म्हणजे झालं. आण तो चहा."